एकतीस नंबरचा व्हॉल्व्ह

कामिझोनोसान,
आज पुन्हा राख पडली.
खाडीपलीकडच्या डोंगराने दुपारी घसा खाकरला
आणि अख्खं कागोशिमा, छत्र्या, सायकली, वाळत घातलेले मोजे,
गिरणीतून दळून आल्यासारखं.
बायका दारापुढची राख पिवळ्या पिशव्यांत भरतायत,
मी ब्लोअरच्या जाळ्या धुते.
ज्याचा त्याचा केर.

तळघरात फार काही बदललेलं नाही.
वाळूच्या बारा गाळण्या तशाच, पोटुशा, ओळीने बसलेल्या.
फेसाच्या नळकांड्यांत चहाच्या रंगाचा मळ चढतो.
ओझोनचा वास केसांत बसतो, आई विचारते,
"वीज पडून आलीस का?"
मीही तुमच्यासारखी पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवते
आणि मूठ कानाशी धरते.
तीन नंबरचं बेअरिंग कुरकुरतंय. काढेल अजून महिनाभर.

नकाशाच्या सातव्या पानावर तुम्ही लाल पेन्सिलीने
एक जादा नळ काढला होता,
गच्चीवरच्या टाकीपासून थेट हवेच्या मनोऱ्यात.
हिशेबनीस सामेशिमा, आडनावातच ज्याच्या शार्क,
त्या एका नळापायी तुम्हाला अक्षरशः पाण्यात पाहायचा.
"पंप असताना हे कशाला?"
तुम्ही चष्मा पुसलात म्हणे, आणि नळ राहू दिलात.

परवाच्या वादळात, दोन वाजून दहा मिनिटांनी, वीज गेली.
जनरेटरने एकदा ढेकर दिला, ओली राख गिळली,
आणि गप्प.
सोळा वर्षांत पहिल्यांदा मी तळघराची शांतता ऐकली.
तिला आवाज असतो. आपल्याच कानातल्या रक्ताचा.

कुपे थांबत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे.
थांबला की कुप्याचा श्वास संपला, झोपेतही पोहणं सुटत नाही.
वर एकोणीस कुपे काळोखात गोल फिरत होते
आणि हातातल्या मीटरवर प्राणवायू उतरत होता:
सहा पॉइंट नऊ. सहा पॉइंट तीन.
पाच पॉइंट सात.

एकतीस नंबर हलेना.
मुठीत पाइपचा तुकडा अडकवून मी त्याला लोंबकळले,
पंचावन्न किलो, अधिक ओले बूट.
मग वरून आधी खडखड आली, मग हवा, मग पाणी,
मनोऱ्यातल्या प्लास्टिकच्या फण्यांवर फुटत,
फुटता फुटता हवा पीत,
कुणाच्याही मदतीशिवाय, नुसतं आपल्या वजनाने खाली.

चाळीस मिनिटांचं पाणी, असं समासात तुमच्या अक्षरात होतं.
छत्तिसाव्या मिनिटाला हिदाकाने हातांनी राख उपसून
जनरेटर चालू केला.

सतरा वाचले.
दोन अंधारात भिंतीवर आपटले, त्याला कुठला नळ काय करणार.
गाळण्यांतल्या बॅक्टेरियांची मोजदाद कुणी केली नाही.
संसार थाटायला त्यांना तीन महिने लागतात
आणि गुदमरायला एक रात्र.
सकाळी अमोनिया शून्य आला.
म्हणजे तेही असावेत.

दहा वाजता बालवाडी आली, पिवळ्या टोप्या घालून.
एका मुलीने काचेला नाक लावून विचारलं,
"माशांना शू आली तर?"
गाइड हसली. मुलं हसली.
मी दाराआड उभी होते, उत्तर ओठांवर होतं,
अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सगळं क्रमाने.
पण बुटांतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी तुमच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
तुम्ही माशांचं विचारलं नाहीत.
"मूठ जड गेली का?"
"हो."
मग बराच वेळ तुमचा नुसता श्वास.
"वर्षातून दोनदा ग्रीस लावा, असं लिहिलं होतं मी."

लिहिलं होतं. त्याच समासात, चाळीस मिनिटांच्या खाली,
पेन्सिलीने, बारीक.
मी ती ओळ वाचलीच नव्हती.

आज लावलं.
हे लिहितानाही कागदावर डाग पडतायत.